कुत्रीचे नाव: आठे

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण जुन्या प्रकरणांचा विषय निघाला की मला आधी आठवते ती एक कुत्री. सत्तरच्या दशकाची अखेर होती आणि मी सातपूरच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो.

तिथल्या एका कारखान्यातला फिटर, मूळचा बागलाणातला, घरी अहिराणी बोलणारा, अकरा वर्षे खपून कुत्र्यांची नवी जात तयार करत होता. कारवानी शिकारी कुत्रा, अल्सेशियन आणि कुठल्याशा बंगल्यातला मास्टिफ यांचा संकर. ही जात श्वानपथकाच्या कामाची आहे का, याचा अहवाल वरिष्ठांनी माझ्याकडे मागितला होता. मी दोनदा पाहून आलो आणि खरे सांगतो, वेडाच झालो. मादी उभी राहिली की माझ्या कमरेला लागायची. छाती रुंद, पाय हरणाचे. एप्रिलच्या उन्हात कालव्याच्या काठाने सायकलीबरोबर दोन कोस धावली, तरी फारशी धाप नाही. बाजरीची भाकरी आणि ताक मिळाले की खूश. अवगुण म्हणाल तर आमच्या जीपमध्ये ती मावली नसती, इतकेच. अहवाल मी मनातल्या मनात लिहूनही टाकला होता.

त्याच आठवड्यात, फिटर पहिल्या पाळीला कारखान्यात असताना, ती चोरीला गेली. तो कामाच्या कपड्यांतच ठाण्यात आला. या जातीची एकच जोडी होती; त्यातला नर महिन्यापूर्वी साप चावून मेला होता आणि मादी गाभण होती. "ती गेली तर जात संपली, साहेब," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

फिर्याद मीच लिहून घेतली. रंग करडा, खास खूण नाही. हाक काय मारता, असे विचारले. "आठे," तो म्हणाला. मी लिहिले, नाव आठे. त्याने डोळे पुसत सही केली. खरे तर फिर्याद वाचून दाखवायला हवी होती, पण मी घाईत होतो.

तिसऱ्या दिवशी खबर आली. त्र्यंबक रस्त्यावरचा पंक्चरवाला आमचा जुना खबऱ्या. म्हणाला, "साहेब, पुढच्या शेडमध्ये टेम्पोतून वासरू उतरवलंय. पण ते भुंकतंय." हातातला चहा टाकून मी दोन शिपायांसह निघालो. शेडमध्ये तीच होती! बंगलेवाल्यांना कुत्री विकणारा एक दलाल तिला भाकरी चारत होता. दोघांनाही ठाण्यात आणले. वाटेत तिने दोन्ही शिपायांचे हात चाटून घेतले.

दलाल मुरलेला होता. जात विलायती आहे, मुंबईहून आणली, असे ठासून सांगत होता. आता हे खोटे कसे ठरवायचे? जात नवी, तिचे चित्र कुठल्या पुस्तकात नाही, गळ्यात पट्टा नाही, फोटोही नाही. फिटरला बोलावणे धाडले आणि तोवर चौकशी चालू ठेवली. मी कुत्रीचे नाव विचारले. तो टेबलाकडे पाहत क्षणभर थांबला आणि म्हणाला, आठे, विलायती नाव आहे. मग त्याने तशी हाक मारली आणि ती बया शेपूट हलवत थेट त्याच्याकडे गेली.

फिटर धावतपळत पोचला. ती त्याच्या अंगावर झेपावली, पण ती सगळ्यांच्याच अंगावर झेपावते, असे दलाल शांतपणे म्हणाला. शिपायांचे ओले हात पाहता तेही खोटे म्हणता येईना. मी फिटरला बाजूला घेऊन सांगितले की यालाही तिचे नाव ठाऊक आहे, आठे.

"नाव? साहेब, आमच्याकडे आठे म्हणजे इथं. आठे ये म्हटलं की ती येते. तिचं नाव भुरी शे."

मी तडक टेबलाकडे वळलो. तिचे नाव 'आठे' असल्याचे साऱ्या जगात एकाच कागदावर लिहिले होते. तो कागद माझ्या टेबलावर होता, अक्षर माझे होते आणि दलालाने ते समोर बसून उलटे वाचले होते. मी फिर्याद त्याच्यापुढे सरकवली आणि विचारले, या विलायती कुत्रीला अहिराणी कुणी शिकवली? त्याच्या तोंडचे पाणी पळाले. पंधरा मिनिटांत सगळे ओकला. भाकरीचा तुकडा दाखवला आणि ती आपणहून टेम्पोत चढली, असे त्याने सांगितले.

या शेवटच्या वाक्याने माझा आनंद निम्मा झाला. अहवालात ते लिहिणे भागच होते. सारे गुण भरभरून लिहिले आणि खाली लिहिले, परक्याबरोबर जाते, तूर्त घेऊ नये. या वेळी मात्र फिटरला अक्षरन् अक्षर वाचून दाखवले. त्याने मान खाली घालून ऐकले आणि म्हणाला, "खरं शे. दोन पिढ्या थांबा, साहेब."

चोर सापडला तो माझ्या चुकीने, हुशारीने नव्हे. समोरच्याचे बोलणे आपल्याला कळले, असे त्यानंतर मी कधी गृहीत धरले नाही. पुढच्या साऱ्या नोकरीत फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही घेतली नाही.

भुरीला सात पिल्ले झाली. चारेक वर्षांनी माझ्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा निरोप घ्यायला फिटरच्या घरी गेलो. फाटक उघडून पाऊल टाकले तोच भुरीच्या एका धिप्पाड नातीने माझे मनगट तोंडात धरले. दात रुतवले नाहीत, पण सोडलेही नाही. गोंजारले, दरडावले, खिशातले बिस्किट पुढे केले. तिने ढुंकूनही पाहिले नाही. खरे तर मला भीती वाटायला हवी होती, पण इतका आनंद झाला की हसू आवरेना. फिटर बाहेर आला आणि दारातच थांबला.

"आता काय लिहिता, साहेब?"

"आधी हात सोडवा," मी म्हणालो, "लिहायचा हात हाच आहे."