घरटी एक लाकूड

अकरा नंबरच्या ओळीखाली सही करताना रत्नाक्का थांबल्या. पेनाचं टोक कागदाला टेकलेलं होतं.

"ह्या वळीत काय लिवलंय बाई? वाचून दाव."

मी वाचून दाखवलं. 'अंत्यविधीचा सर्व खर्च अर्जदाराने स्वतः केला असून त्याची बिले सोबत जोडली आहेत.'

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "ह्ये खरं न्हाय. मी सही करत न्हाय."

मी निपाणीत माजी सैनिकांच्या एका संघटनेच्या ऑफिसात काम करते. निवृत्त सैनिक, त्यांच्या विधवा यांचे अर्ज भरायचे, कागद तपासायचे आणि फाइल बेळगावला सरकारी कार्यालयात पाठवायची, हे माझं काम. माजी सैनिक वारला की अंत्यविधीसाठी म्हणून सरकारकडून त्याच्या विधवेला एक ठरावीक रक्कम मिळते. ती एकदाच मिळते आणि तिला मुदत असते. मुदतीनंतर गेलेला अर्ज परत येतो.

रत्नाक्कांचे मालक नाईक भाऊगोंडा मगदूम. नाईक हा सैन्यातला हुद्दा. गाव निपाणीपासून बसनं पाऊण तासावर. ते वारले राज्याच्या सीमेपलीकडं, महाराष्ट्रात, कोल्हापूरच्या दवाखान्यात, आणि अग्नी दिला इकडं गावी, स्वतःच्या शेतात. त्यामुळं मृत्यूचा दाखला तिकडून आणावा लागला. त्यात बरेच दिवस गेले. त्या माझ्यासमोर बसल्या तेव्हा मुदत संपायला आठ दिवस राहिले होते.

बाकी सगळे कागद चोख होते. डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळणारं पुस्तक, त्यांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. त्यात नोकरीचा सगळा इतिहास असतो आणि बायकोचं नावही असतं. पासबुक होतं, ओळखपत्र होतं. फक्त बिलं नव्हती.

"खर्च कुणी केला मग?" मी विचारलं.

"कुणीच न्हाय. आमच्या गावात मयताच्या घरानं खर्च करायचा नसतोय. घरटी एक लाकूड येतंय."

त्यांनी सांगितलं ते असं. गावात कुणी गेलं की ट्रॅक्टरची ट्रॉली गल्लीगल्लीतून फिरते. प्रत्येक घर एक लाकूड टाकतं. जैन असो, मराठा असो, मुल्लाचं घर असो. तूप एका घरातून, कापड दुसऱ्या घरातून. नाव लिहून घेत नाहीत. पैसे विचारले तर लोक रागावतात.

"कासारणीच्या घरात लाकूड न्हवतं," रत्नाक्का म्हणाल्या. "म्हातारीनं चुलीसाठी थापलेल्या दोन शेणी आणून ठेवल्या ट्रॉलीत. आता त्या शेणी मी इकत आणल्या म्हणून लिवू व्हय?"

त्यांच्याबरोबर पुतण्या आला होता. अजित. बेळगावजवळ मच्छेच्या एका कारखान्यात कामाला. एक दिवसाची रजा काढून आला होता आणि सारखा घड्याळ बघत होता.

"मॅडम, काकूनं खोटं न बोलायचा नियम घेतलाय मुनीमहाराजांच्या पुढं," तो म्हणाला. "लई त्रास हाय त्याचा. परवा शेजारणीनं विचारलं, भाजी कशी झालीया? तर म्हणती, खारट."

"खारटच हुती," रत्नाक्का म्हणाल्या.

"तुम्ही बसा. मी आलो."

अजित उठून गेला. मला माहीत होतं तो कुठं गेला ते. आमच्या ऑफिसपासून जवळच एक लाकडाची वखार आहे. तीन वर्षं मीच लोकांना तिथं पाठवत होते. गावाकडच्या माणसांकडं बिल नसतंच. वखारीत नाव सांगितलं की शिक्का मारलेलं बिल मिळतं. सगळ्यांनी असंच केलं होतं. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं.

पंधरा मिनिटांत तो बिल घेऊन आला. रत्नाक्कांच्या नावावर आठ क्विंटल लाकूड. "त्यानं विचारलं, माणूस अंगानं कसा हुता? त्या हिशोबानं वजन घातलं," अजित म्हणाला.

रत्नाक्कांनी बिल हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "ह्यो कोण बाबा? मी ह्याचं तोंडबी बघितलं न्हाय. आन् आमच्यात आला असता तर लाकूड घेऊन आला असता, बिल घेऊन न्हाय."

आवाज ऐकून आतून सुभेदार साहेब बाहेर आले. ते आमचे सेक्रेटरी. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे, मनानं चांगले. अर्ज परत येणं त्यांना सहन होत नाही.

"काय झालं सविता?"

मी सांगितलं.

"आक्का," ते खुर्ची ओढून बसले, "ही नुसती पद्धत हाय. सगळेच करतात. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी मीबी केली सही."

"तुमच्या भावाला लाकूड कुणी दिलतं?"

साहेब म्हणाले, "गावानं."

"मग?"

"अहो, पण फॉर्म अपुरा गेला तर परत येतोय! मुदत गेली तर पैसे गेले. फॅमिली पेन्शन सुरू व्हायला अजून तीन-चार महिने हायत. तोवर काय करणार?"

"म्हस हाय. गुरुवारच्या बाजारात न्हेते."

हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. आधीच ठरवून आल्यासारख्या म्हणाल्या. अजितनं कपाळाला हात लावला. "दोन वेळचं दूध देणारी म्हस, मॅडम. तीच एक हाय घरात."

मी मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. ओळ खोडून हातानं लिहिलं, 'खर्च कुटुंबाने केला आहे.' म्हटलं, "आक्का, गाव म्हणजे कुटुंबच की. एवढं चालेल?"

त्या हसल्या. पहिल्यांदाच. "पोरी, तू हुशार हायस. पण त्ये वाचणाऱ्याला काय कळंल? माझ्या घरानं केला असंच कळंल न्हवं? मग?"

मी फॉर्म परत माझ्याकडं ओढला.

"ह्यांनी अठरा वर्षं नोकरी केली," त्या उठताना म्हणाल्या. "म्हणायचे, सरकारनं दिलेलं सोडायचं न्हाय आन् न दिलेलं मागायचं न्हाय. ह्यातलं कुठलं ह्ये, तेवढं तू बघून सांग."

त्या गेल्या. फॉर्म माझ्या टेबलावर राहिला, दहा ओळी भरलेला.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील खानापूर भागातल्या एका गावात शेतमजुरी करायचे. त्यांना सही येत होती, वाचता येत नव्हतं. सोसायटीत, तलाठ्याकडं, बँकेत, कुणी बोट ठेवेल तिथं ते सही करायचे. घरी आल्यावर आई विचारायची, "कशाला केली सही?" ते म्हणायचे, "त्यांनी सांगितलं म्हणून." मला शिकवताना ते एवढंच म्हणाले होते, "तू तरी वाचून सही कर." त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मला बेळगावला बी.कॉम.ला घातलं. तिथंच अनगोळ भागात एका खोलीत चौघी राहून मी शिकले. आणि शिकून मी काय करत होते? लोकांसमोर कागदावर बोट ठेवत होते. 'इथं करा सही.'

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला. ही अकरावी ओळ कुठून आली?

सरकार एखादी योजना काढतं तेव्हा त्याचा एक आदेश असतो. कुणाला द्यायचं, कुठले कागद मागायचे, हे त्यात लिहिलेलं असतं. आमचा फॉर्म त्या आदेशावरून तयार केलेला असणार, असं मी धरून चालले होते. आदेश मी कधी पाहिलाच नव्हता. कुणी पाहिल्याचं आठवतही नव्हतं.

कपाटातल्या खालच्या खणात तो सापडला. कन्नडमध्ये, चार पानं. कन्नड मी शाळेत शिकले, पण काठावर पास. नोकरी लागल्यावर निपाणीतल्या माझ्या घरमालकीणबाईंनी मला ते पुन्हा नीट शिकवलं. संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्या पेपरातली बातमी वाचून घ्यायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तरी चार पानांना मला दीड तास लागला. ओळीखाली पट्टी धरून वाचत होते.

मागितलेल्या कागदांची यादी तिसऱ्या पानावर होती. मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुक, विधवेचं ओळखपत्र, बँकेचं पासबुक. यादी संपली. बिल नाही. 'खर्च कुणी केला' हा प्रश्नच नाही. रक्कम विधवेला, ती नसेल तर वारसाला द्यायची, एवढंच.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, माझं कन्नड कमी पडलं असेल. मग बेळगावला फोन लावला. तिथले क्लार्क कन्नड बोलणारे, आमच्या ओळखीचे.

"सर, अंत्यविधीच्या अर्जाला बिलं लागतात का?"

"कुठली बिलं?"

"लाकडाची, सामानाची."

"आम्ही कधी मागितली?" ते म्हणाले. "तुम्हीच लावता. फक्त निपाणीच्या अर्जांना असतात. आम्हाला वाटायचं, तुमच्याकडं काही रीत असेल. आम्ही फाइलला लावून ठेवतो."

मी आदेश आणि माझं टिपण घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावला. कन्नड त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. तिसरं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"ही ओळ मीच घातली असणार," ते म्हणाले.

त्यांना हळूहळू आठवलं. फार वर्षांपूर्वी एका घरात वारलेल्या सैनिकाच्या दोन मुलांत वाद झाला होता. त्याची बायको आधीच वारलेली. खर्च मी केला, असं दोघंही म्हणत होते. तो वाद ऑफिसात मिटवायला साहेबांनी बिलं मागितली. पुढं असा घोळ नको म्हणून फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली. छपाईला देताना प्रेसवाला जुनाच फॉर्म समोर ठेवायचा. ओळ छापत राहिली.

"किती जणांनी खोटं लिहून दिलं असंल गं?" त्यांनी विचारलं.

मी मोजायला गेले नाही.

"पण एक सांगतो," ते म्हणाले, "बिल न लावता फाइल परत आली तर? मुदत जाईल."

"साहेब, आदेशाची प्रत वर लावते. मागितलेलं सगळं आहे आणि न मागितलेलं काही नाही, असं पत्रात लिहिते. त्यावर तुमची सही लागेल."

"दे."

त्यांनी पत्र आधी वाचलं. पूर्ण. मग सही केली. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच असं करताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. मी सकाळच्या बसनं रत्नाक्कांच्या गावी गेले. म्हैस दारात बांधलेली होती. शिंगांना तेल लावलेलं होतं, बाजारासाठी. अजित परत कामावर गेला होता. रत्नाक्का तंबाखूच्या शेतातून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग गूळ, मग विचारलं, "सापडलं काय?"

"सापडलं. सरकारनं दिलेलं आहे, आक्का. खर्च कुणी केला, ते सरकार विचारतच नाही. आम्हीच विचारत होतो."

"कशाला?"

"चूक झाली."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. मी बसमध्ये बसून मोठी माफी जुळवून आणली होती. ती मागायची वेळच आली नाही.

मी नवा फॉर्म दिला, दहा ओळींचा. मग त्यांनी मला पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं. तिसऱ्या ओळीला थांबवलं.

"वय एकसष्ट न्हाय. बासष्ट. आधारवर चुकलंय."

आधार दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा महिना. मुदतीचे सातच दिवस उरले होते.

"आक्का..." मी काकुळतीला आले.

त्यांनी कागद जवळ घेतला, ओळीवर बोट फिरवलं. "हितं कंसात काय हाय?"

"आधार कार्डाप्रमाणे."

"मग खरं हाय की. आधार तसंच म्हणतंय." आणि त्यांनी सही केली. सावकाश, अक्षर अक्षर जोडून, ओळीच्या बाहेर न जाता.

मी त्याच दिवशी दुपारच्या बसनं फाइल घेऊन बेळगावला गेले, ती स्वतः हातानं दिली आणि पोच म्हणून आवक नंबर घेतला. अर्ज मुदतीत गेला. काही आठवड्यांनी रक्कम त्यांच्या खात्यावर जमा झाली. म्हैस गुरुवारच्या बाजारात गेली नाही. पेन्शन तिच्या वेळेनं, म्हणजे उशिरानं, सुरू झाली.

ऑफिसात छापलेल्या फॉर्मचा गठ्ठा शिल्लक होता. साहेबांनी तो फेकू दिला नाही. कागद वाया घालवायचा नाही, ही त्यांची शिस्त. एक दिवस दुपारी ते पट्टी आणि पेन घेऊन बसले आणि प्रत्येक फॉर्मवरची अकरावी ओळ स्वतः काट मारून खोडली. मी मदतीला गेले तर म्हणाले, "माझी ओळ हाय. तू तुझं काम कर." वखारवाल्यानं दोन महिन्यांनी मला रस्त्यात थांबवून काळजीनं विचारलं, "मॅडम, हल्ली सैनिक लोक मरंनात काय?"

आता ऑफिसात माझ्या हाताखाली एक नवी मुलगी आली आहे. चांगली शिकलेली, कामाला भरभर. समोरचा माणूस 'काय लिहिलंय ते वाच' म्हणाला की तिला उशीर होतो आणि ती वैतागते. तिला मी सांगते, चिडू नकोस, वाचून दाखव. बहुतेक वेळा ते आपणही वाचलेलं नसतं.