झिलई न धरलेली जागा

भट्टीवाले काका चिडले की भट्टी परवडली, असं कारखान्यातली माणसं म्हणायची. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक तरुणपणीच यंत्रात गेलेलं. "आता अंगठेबहाद्दर व्हायचीही सोय नाही," असं स्वतःच हसून सांगायचे.

फरशांना झिलई द्यायचं त्यांचं काम. दगडाची वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवायची, फरशीवर ओतायची आणि फरशी भट्टीत घालायची. आत त्या दगडाचं पाणी होतं, फरशीभर पसरतं, निवलं की काचेसारखं चकाकतं. पण आधी फरशीला तेलाचं बोट लागलं असेल तर संपलंच! वितळलेला दगड तिथून अंग काढून घेतो आणि बोटाएवढी जागा उघडीबोडकी राहते.

अशा फरशा सारख्या निघायच्या. काकू फरशा झाडून पुढे सरकवायच्या, काका त्या उचलून झिलई ओतायचे. काकूंची बोटं संधिवाताने आखडलेली. रोज सकाळी काका स्वतः त्यांना तेल चोळून द्यायचे, तेव्हा कुठे ती वळायची. आणि कारखान्यात तेच काका चारचौघांत ओरडायचे, "हात पुसून ये म्हणून किती वेळा सांगू? डोकं घरी ठेवून येतेस का?"

"पुसते हो," काकू म्हणायच्या. एवढंच.

मग साहेबांनी बघितलं तर हिची नोकरी जाईल, या धास्तीने काका त्या फरशा हातोडीने फोडून टाकायचे.

काकू गेल्या आणि घर खायला उठलं. काकांना त्यांच्या बोटांची एक तरी खूण हवी होती. भंगाराच्या ढिगात बसून शोधलं, पण ठिकऱ्यांशिवाय काही सापडेना. फोडणारे स्वतःच, ओरडणार कुणावर?

शेवटी लेकीला आठवलं. "बाबा, गरम पातेलं ठेवायला आईने एक फरशी आणली होती. ओट्याखाली बघा बरं."

काकांनी फरशी घासून पुसून खिडकीपाशी नेली. कडेला उघडी जागा होती! त्यांचे डोळे भरून आले. "ही बघ, तुझी आई," म्हणत त्यांनी त्यावर हलकेच अंगठा टेकवला.

अंगठा चपखल बसला. जागा तशीच रुंद, तशीच आखूड, वरून तशीच थोटी. काकूंची बोटं तर काडीसारखी होती.

लेकीने बघितलं आणि मान फिरवली. काका फरशी मांडीवर घेऊन खाली बसले. सकाळी तेल चोळून झाल्यावर आपण हात पुसायचो का, हे त्यांना काही केल्या आठवेना.

"अगं," ते फरशीलाच म्हणाले, "एकदा तरी उलट बोलायचंस ना!"