अख्खी बाजू

कॅसेट लावायच्या आधी ते आगपेटीतली काडी काढायचे, दोन्ही कान सावकाश कोरायचे, काडीच्या टोकाला काय आलं ते उजेडात धरून बघायचे, आणि मग तीच काडी पँटीला पुसून पुन्हा पेटीत ठेवायचे. मला शिसारी यायची. वाचताना तुम्हालाही आली असेल. पण बोलायची सोय नव्हती. "कान साफ पायजे," ते म्हणायचे, "तुमच्यासारखे तुंबलेले कान घेऊन हे ऐकता येत न्हाई."

जालन्याच्या एका बियाणं कंपनीत मी गोदाम सांभाळायचो, आणि हे गृहस्थ बी उगवतं की नाही ते तपासायच्या खोलीत असायचे. ओल्या कागदावर बी मांडायचं आणि कोंबाची वाट बघायची, हे त्यांचं काम. तिथं खिडकीत एक टेपरेकॉर्डर होता आणि त्यात कायम एकच कॅसेट. परभणीला शिकताना होस्टेलच्या जोडीदारानं दिलेली. विलायतेतल्या कुठल्याशा जुन्या रॉक बँडची. एका बाजूला एकच गाणं, अख्खी बाजू भरून.

"याला गाणं म्हणायचं?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"आधी बसा. आन् मधून उठायचं न्हाई."

बसलो. खरं सांगू? ते संगीत मला आजही आवडत नाही. ऑर्गन घरघरतो, गिटार भांडायला उठते, ड्रमवाला सात मात्रांत चालतो आणि आपण ठेका धरावा तर बेटा पाचावर उडी मारतो. पण त्यांना ऐकताना बघण्यासारखं होतं. सुरुवातीलाच पाच-सहा सुरांची एक धून येते आणि लगेच जाते. तिथं त्यांचं बोट वर व्हायचं. "हिला ध्यानात ठेवा." पुढं बराच वेळ नुसता धुमाकूळ. मग सगळं थांबतं. ऑर्गनचा एक खर्जातला सूर राहतो आणि पाणी ठिबकल्याचा आवाज. आता काही उरलं नाही असं वाटत असताना तीच धून परत येते, सगळ्या वाद्यांना सोबत घेऊन. तेव्हा ते चष्मा काढून पुसायचे. त्याच पँटीला.

"तीच हाय, पण लय हिंडून आलीय," ते म्हणायचे. "तुम्ही बी हिंडला तिच्यासंग, म्हणून गळा भरून येतो. नुसतं शेवटचं वाजवून काय उपेग?"

एकदा मार्केटिंगचे साहेब आले. "त्यातलं भारी-भारी तेवढं कापून द्या, स्टेटसला ठेवतो."

"छ्या! जेवण बी कुणी चावून देतंय का तुम्हाला?"

साहेब हसले. मी नाही हसलो. बसमध्ये, दवाखान्यात, सरणाशेजारीसुद्धा लोक मोबाईलवर तुकडे वाजवत बसतात. एक संपत नाही तोच दुसरा. मला त्या आवाजाचा वीट आलाय.

ते रिटायर व्हायला आले तेव्हा कंपनीनं विचारलं, सत्काराला काय हवं? ते म्हणाले, "भाषणं नको. ही बाजू लावा, अख्खी. बायको येऊन राह्यली." वहिनी गावाकडं, केदारखेड्याला असायच्या. शेत, म्हशी, सासू-सासरे यांतच त्यांची उमर गेली. हे इथं खोली करून राहिले आणि रविवारी घरी जात राहिले. "तिला बसवून कधी ऐकवलंच न्हाई," ते मला म्हणाले. "टेप घेऊन गेलो की कुणी तरी टपकतंय, न्हाई तं म्हस सुटती. एकदा तिनं पुरं ऐकावं. बस."

हॉल भरला. भाषणं ठेवलीच होती, पण प्रमुख पाहुण्यांना उशीर होता म्हणून कॅसेट लागली. वहिनी बायकांच्या पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. हे स्टेजवर, नजर त्यांच्यावर. लोक चुळबुळत होते, पण बसले होते. तो खर्जातला सूर लागला आणि नेमके पाहुणे दारात आले. पुढारी माणूस, रोज कुठं लग्न, कुठं दुखवटा. स्टेजवर हार घातलेला माणूस, गप्प हॉल आणि तो गंभीर सूर, त्यांना ही शोकसभाच वाटली. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि मान खाली घातली. पाहुणे उभे, म्हणून मॅनेजर उभे राहिले. मग सगळा हॉल. स्टेजवरून हे ओरडले, "अरे, मेलो न्हाई मी अजून!" पण माईक निवेदकाकडे होता. तो "ओम शांती" म्हणाला आणि त्यानं टेप बंद केला.

लोक बसले. वहिनी उभ्या राहिल्या.

"थांबा की, भाऊ. संपलं न्हाई ते. सुरुवातीला एवढंसं आल्तं, ते परत यायचंय. ह्ये दर रविवारी शेतात पाणी देताना गुणगुणतेत, पुरं."

यांचं तोंड उघडंच राहिलं. आपण गुणगुणतो हे त्यांना कुठं माहीत होतं!

"ताई, बसून घ्या," निवेदक म्हणाला. "पाहुण्यांना जल्दी जायचंय." आणि स्वागताचं गाणं लावलं, खुर्च्या थरथरतील एवढ्या आवाजात. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला! मला किळस आली. त्या हॉलची, त्या टाळ्यांची, बत्तिशी दाखवत उभ्या असलेल्या त्या निवेदकाची. कानातल्या मळाची कधी एवढी आली नव्हती.

पाहुण्यांनी भाषण सुरू केलं, "आज आपल्यात नसलेले..." मागून कुणीतरी सदरा ओढला. "आपल्यातच असलेले," त्यांनी दुरुस्त केलं, आणि पुढं रस्ते, पाणी, सरकार.

तेवढ्यात हे उठले. हार काढला, स्टेजवरून उतरले आणि सरळ बायकांच्या रांगेत वहिनींशेजारी जाऊन बसले. बायका सरकल्या, कुजबुजल्या. यांनी तोंड वहिनींच्या कानाशी नेलं आणि जिथं बंद पडलं होतं तिथून गुणगुणायला लागले. बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. वहिनींनी पदर कानामागं घेतला आणि डोळे मिटले. पाहुणे बोलत होते, हे गात होते. शेवटपर्यंत गायले, काही गाळलं नाही. मग टेपमधली कॅसेट काढून खिशात घातली आणि दोघं बाजूच्या दारानं बाहेर पडले.

"आता सत्कारमूर्तींना विनंती, त्यांनी मनोगत व्यक्त करावं," निवेदक म्हणाला. कुणी उठलं नाही, तेव्हा त्यानं मागं वळून खुर्चीकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, तेच सांगितलं.