गवंड्याचा बिनसिमेंटचा खुबा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गवंडी कामावर होता. म्हणजे पलंगावर कुशीवर पडून, उजव्या खुब्यावर अंथरलेल्या गोणपाटावर मगाने पाणी मारत होता.

आयुष्यभर भिंती उभारलेल्या या माणसाचा पहिला कृत्रिम खुबा सिमेंट लावून बसवला होता. त्याचा त्याला कोण अभिमान. पण काही वर्षांनी तो सैल झाला. डॉक्टरांनी तो काढून नवा बसवला, तोही बिनसिमेंटचा. धातूचं अंग खरखरीत असतं, हाड त्यात वाढतं आणि घट्ट धरतं, असं त्यांनी समजावलं. गवंड्याने मान डोलावली आणि एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. पहिला खुबा का सुटला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुणी पाणीच मारलं नव्हतं.

"अहो, गादी पिळली तर बादली भरेल," बायको म्हणाली.

"नवं काम ओलं ठेवावं लागतं."

"काम आत आहे, भिजतेय गादी. आणि त्यात सिमेंट नाहीच ना?"

"म्हणून तर जास्त मारतोय."

त्याच दिवशी एक्स-रे होता. हाडाने धरलं नसेल तर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि परांचीवर चढणं कायमचं बंद. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गवंड्याने खुब्यावरचा हात काढला नाही. बायकोने जिभेवर आलेला टोमणा गिळला.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "काका, छान धरलंय हाडाने. तसूभर हललेलं नाही."

गवंड्याने बायकोकडे असं पाहिलं, जणू इमारत त्याने एकट्याने बांधली होती. मग डॉक्टरांनी खुबा तपासला. कातडी सुरकुतलेली, वर लालभडक पुरळ.

"हे काय?"

"पाणी मारतात," बायको म्हणाली. "तडा जाऊ नये म्हणून."

डॉक्टरांनी पाठ फिरवून पुन्हा एक्स-रे पाहिला. त्यांचे खांदे हलत होते. "काका, हाड रक्तावर वाढतं. पाणी प्या, मारू नका."

"आणि सुटलं तर?"

"तर पाण्याचा मग घेऊन मी स्वतः येतो."

वॉकर गेला, काठी आली. परांचीचा निर्णय पुढच्या एक्स-रेनंतर. तोवर खाली खुर्चीत बसून इतरांच्या चुका काढायला डॉक्टरांची हरकत नाही. उद्या सकाळी आठला तो बांधकामावर हजर होणार आहे. दुपारी एकला बायको त्याला घ्यायला येईल.