पाटीवर बोललेले गुरुजी

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण आहे ते जेऊरच्या कदम गुरुजींचं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण मला सोलापूरला कॉलेजात धाडायला वडिलांना राजी केलं ते गुरुजींनी, आमच्या बांधावर बसून. त्यांना जाऊन आता महिना होत आला...

यंदा शाळा उघडतानाच फ्लूची साथ आली. गुरुजी ताप अंगावर काढून वर्गावर जात राहिले. असलं दुखणं पोराटोरांचं, थोरांना त्यानं काय होतंय, असंच सगळ्यांना वाटलं. धाप लागून ओठ निळे पडले, तेव्हा त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, त्यांना सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं आणि मला बोलावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसांत विषाणू पसरलाय, त्यावर औषध नाही. शरीर झगडतंय तोवर यंत्रानं श्वास द्यायचा, आणि त्यासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची. ती असेपर्यंत बोलता येणार नाही. पुढचं आत्ताच सांगता येत नाही.

काकू उठूनच उभ्या राहिल्या. "आरं, मास्तर हायेत ते. आवाज काडून घेतल्यावर ऱ्हायलं काय? तू शिकलेला हाईस बापू, तू सांग."

मी शिकलो होतो इतिहास. तरी म्हणालो, "काकू, आधी जीव." त्यांनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

यंत्र लावल्यावर गुरुजी सावध झाले. मी पाटीवर 'स्वास कसा आहे?' लिहून समोर धरलं. आमच्याकडे 'श'चा 'स' होतो. माझा पदवीनंतरही गेला नव्हता. गुरुजींनी 'स्वा' खोडून 'श्वा' केला आणि डोळे वटारले. काकू पदराआड हसल्या. "हायेत की मास्तर अजून."

मग त्यांनी खाली एकच शब्द लिहिला, 'वर्ग?' आवाज परत येईल का, हेच ते विचारत होते. मी पाटी पुसून त्यांच्या उशाशी ठेवली.

अकलूजच्या शाळेत नोकरी लागली होती, रुजू होणं भाग होतं. तिथून पत्र टाकलं. ते पोचण्याआधीच गुरुजी गेले. परवा जेऊरला गेलो, तर काकूंनी ते न फोडलेलं पाकीट पुढं केलं. "मला कुटं वाचता येतंय? वाच, मोठ्यानं."

वाचलं ते असं :

"ती. गुरुजींना साष्टांग नमस्कार. आज पहिल्यांदा वर्गावर उभा राहिलो. शब्द फुटेना. काही सुचेना म्हणून फळ्याकडे वळून धड्याचं नाव लिहिलं. मागं गलका थांबला, आणि सगळी पोरं ते एकासुरात वाचू लागली. गुरुजी, वर्ग चालतो. तुम्ही नुसते या."