नटूभाईंचा उजवा पाय

किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. शहाद्याला आमच्या लॅबचं शटर सकाळी सातला वर गेलं की उपाशीपोटी साखर तपासणारी मंडळी बाकावर येऊन बसतात. चहा नाही, नाश्ता नाही, मग माणूस करणार काय? बोलतो! आणि मी सुई घेऊन समोर आले की जास्तच बोलतो, म्हणजे नजर सुईकडे जात नाही. अठरा वर्षं झाली मला या कामात. घरी काही सांगायला गेले तर नवरा म्हणतो, "जेवताना नको गं, अंगावर काटा येतो."

त्यातले निम्मे किस्से एकट्या नटूभाईंचे. कळसाडीचे शेतकरी, वय साठीचं, ऊस आणि कापूस. आवाज असा की ते बाकावर बोलले तर रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघतो. गेली चार वर्षं त्यांच्या घरात एकच घोर होता, भाईंचा उजवा पाय राहतो की जातो! तेव्हा हसायचं तर हसा, पण तो पाय ध्यानात ठेवा.

*

सुरुवात मुंग्यांनी केली.

भाईंच्या घरामागे मोरीपाशी लाल मुंग्यांची रांग लागायला लागली. त्यांची बायको हिराबेन रोज फिनाईल ओतायची, दुसऱ्या दिवशी रांग हजर! मग शेतातही तेच. भाई जिथे लघवीला बसत, तिथे तासाभरात मुंग्या. भाईंनी जागा बदलली, मुंग्यांनीही बदलली. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या मागे नाहीत, फक्त यांच्याच.

गावात कुजबुज सुरू झाली, कोणीतरी करणी केली म्हणून. लिंबू उतरवून झालं, नारळ फुटला. मुंग्या नारळाकडे फिरकल्यासुद्धा नाहीत.

शेवटी अशक्तपणा वाटतो म्हणून हिराबेन त्यांना लॅबमध्ये घेऊन आली. साखर निघाली चारशे अठरा! मी म्हटलं, "भाई, करणी नाही हो. लघवीतून साखर चालली आहे, मुंग्या त्याला येतात."

भाईंनी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. मग अहिराणीत म्हणाले, "म्हणजे मुंग्यास्ना रिपोर्ट तुन्हा मशीनना पहिले वना!"

*

बाकावर भाईंच्या शेजारी मोतीलालशेठ बसायचे. किराणा दुकान, मूळचे राजस्थानचे जैन, बोलायला एकदम मऊ.

शेठ तपासणीच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस पिऊन राहत. रिपोर्ट झकास! डॉक्टरांना शंका आली. त्यांनी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी लिहून दिली आणि सगळं उघडं पडलं. शेठ रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलाशी आले, आवाज खाली केला. "ताई, यात कुठे खाल्लं तेसुद्धा दिसतं काय?"

"दिसतं," मी म्हटलं. मलाही कधीतरी मजा हवी ना! त्यानंतर शेठ मिठाईच्या दुकानावरून जाईनात.

पण शेठचा खरा किस्सा पर्युषणातला. त्यांनी उपास धरला आणि साखरेची गोळी मात्र घेतली. "गोळी म्हणजे औषध, ते थोडंच खाणं आहे!" भर दुपारी मी साबण घ्यायला त्यांच्या दुकानी गेले, तर शेठ घामाने चिंब. थरथरत्या हाताने तागडीत शेंगदाणे टाकताहेत आणि समोर कोणी नाही. "भाऊ, अर्धा किलो बस ना?" असं विचारताहेत. शेठचे मोठे भाऊ वारून सहा वर्षं झाली होती.

मी धावत आत गेले. पोत्यातली मूठभर साखर पाण्यात ढवळून त्यांना पाजली. दहा मिनिटांनी माणूस जागेवर आला. मी त्यांना चांगलंच झापलं. "शेठ, पोटात अन्न नसताना गोळी घेतली की साखर धाडकन उतरते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले उद्योग करायचे नाहीत!"

"हो ना," शेठ शांतपणे म्हणाले. "भाऊपण तेच बोलले. बोलले, ती लॅबवाली कोपऱ्यावरून येतेय बघ, तिच्या हातून साखर घे."

मी साबण न घेताच घरी आले.

*

मग पावलांचा दिवस.

हिराबेन सकाळी झाडू घेऊन पुढच्या खोलीत आली तर फरशीवर रक्ताची पावलं. फक्त उजवी! मागच्या दारातून आत, चुलीपाशी, देव्हाऱ्यापाशी. डाव्या पावलाचा पत्ता नाही. ती किंचाळली. भाई चहाचा कप ठेवून काठी घेऊन उठले. "कोन घुसनं रे घरमां?"

पावलांचा माग काढत भाई पुढे, हिराबेन मागे. सगळं घर पालथं घातलं, कोणी नाही. हिराबेनने वळून पाहिलं आणि भाईंचा सदरा घट्ट धरला. आत्ता जिथून ते आले, तिथे कोऱ्या फरशीवर ताजी पावलं उमटली होती.

मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "अहो," ती कशीबशी म्हणाली, "तुमना पाय दखाडा."

तळव्यात बाभळीचा काटा, बोटभर लांब, पार आत गेलेला. भाई शेतापासून घरापर्यंत त्यावर चालत आले होते, वर चहा पीत बसले होते. त्यांना काही कळलंच नव्हतं.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात हो. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं वाटतं आणि तिथेच घात होतो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, साखर ताब्यात ठेवा, तळवा रोज आरशात बघा, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. नाहीतर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल.

त्या दिवशी हिराबेन माझा हात धरून रडली. "ताई, बिना पायना हाऊ मानूस वावरमां कसा जाई? वावर नही ते तो जित्ता कसा ऱ्हाई?" मी तिला बाकावर बसवून पाणी दिलं.

*

मध्येच लोणखेड्याचं सांगते. एका घरी सुनेचं रक्त घ्यायला गेले तर अंगणात ही गर्दी! आत सून भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. श्वास खोल आणि भराभर. खोलीत पिकलेल्या फळांचा वास, आणि घरात फळ एकही नाही! बायकांनी तिच्या पायावर हळद-कुंकू वाहिलं होतं. देवी आली होती म्हणे.

मला तो वास माहीत होता. साखर हाताबाहेर गेली की श्वासाला येतो. तरी खरं सांगते, मीही आधी हात जोडले. मग तिचं बोट टोचलं. साखर इतकी जास्त की मशीन आकडाच दाखवेना! मी आरडाओरडा करून गाडी मागवली, तिला दवाखान्यात पोचवलं. वाचली पोरगी. आता रोज इन्सुलिन घेते, कॉलेजात शिकवते.

पण त्या गर्दीतली एक म्हातारी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आली. "ताई," ती कानाशी येऊन म्हणाली, "देवीनं ते रगत फेकू नको हं. उरनं व्हई ते माले दे, देव्हारामां ठेवसू."

*

नटूभाईंनी मात्र मनावर घेतलं होतं. उसाचा मालक, पण रसाच्या गाडीकडे पाठ करून उभा राहायचा. गोळ्या वेळेवर, जेवण बेताचं. साखर दीडशेच्या खाली आली! पण तळव्याची जखम भरेना. डॉक्टर विचारायचे, "अनवाणी चालता का?" भाई गळ्याला हात लावायचे. "देवशप्पथ, नही!"

एकदा मी रक्त घ्यायला कळसाडीला गेले. हिराबेन म्हणाली, शेतात आहेत. बांधावर डॉक्टरांनी करून दिलेल्या मऊ सँडल जोडीने ठेवलेल्या, तोंडं उसाकडे. माणूस कुठेच नाही. वारा पडलेला, तरी ऊस आतून सळसळत होता. मी हाका मारल्या, ओ नाही. जवळच विहीर! मी धावत जाऊन आत डोकावले.

तेवढ्यात ऊस बाजूला झाला आणि भाई बाहेर आले. अनवाणी!

"भाई! आणि ती शपथ?"

"बांधलगुन घालसच ना!" भाईंनाच माझं नवल वाटलं. बांधापर्यंत सँडल, पुढे अनवाणी, असा त्यांचा हिशोब! "वावर माय शे, ताई. मायना आंगवर चप्पल घालीसन चालू का?"

मी तिथेच त्यांना वाट्टेल ते बोलले. मग मलाच रडू आलं. माझं रडणं बघून भाईंनी मुकाट्याने सँडल चढवल्या आणि पुन्हा काढल्या नाहीत. पण उशीर झाला होता. जखम हाडापर्यंत गेली होती.

*

पाय गेला. गुडघ्याखालून.

मागच्या महिन्यात भाई कुबड्या घेऊन पहिल्यांदाच लॅबमध्ये आले. आवाज बसलेला, पँटची उजवी बाजू दुमडून पिनेने लावलेली. हिराबेनने त्यांना खुर्चीत बसवलं. बाकावर मोतीलालशेठ होते, त्यांनी सरकून कुबड्यांना जागा करून दिली. मी दंडाला पट्टा बांधला, शीर सापडावी म्हणून जरा पुढे वाकले.

"ताई," भाई म्हणाले, "जराशी सरक ना. तू मन्हा आंगठावर उभी शे."

मी खाली पाहिलं. भाईंचा उजवा पाय असायचा तिथे माझी चप्पल होती आणि फरशी होती.

शेठनी बाकावर आपले दोन्ही पाय वर घेतले. हिराबेनने पदर तोंडाला लावला. मी मात्र दोन पावलं मागे सरकले आणि तोंडातून निघूनच गेलं, "लागलं का हो, भाई?"

भाईंचे डोळे काठोकाठ भरले होते आणि तोंडभर हसू होतं. पहिल्यासारखा मोठा आवाज काढून ते म्हणाले,

"हाव ताई, भलतं लागनं!"