तोयोसाकूंचा नववा दिवस

तोयोसाकू हिदांना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवताना गुडघा हलायचा. अंत्ययात्रेतसुद्धा ते गटाराची झाकणं पाहत चालायचे. आमच्या इवानोउरा गावात सगळे त्यांना तोयोसान म्हणत.

डोंगरातल्या गरम झऱ्यापासून खाली किनाऱ्यावरच्या 'हामायू' हॉटेलच्या आंघोळीच्या हौदापर्यंत अकराशे मीटर लोखंडी पाइप होता. पाणी अठ्ठ्याहत्तर अंशांवर निघायचं आणि वाटेत पाइपच्या आत पांढरा क्षार धरायचा. नऊ दिवस हात लावला नाही तर धार निम्मी व्हायची. म्हणून दर नवव्या दिवशी झऱ्याचं पाणी ओढ्यात वळवायचं, जोड उघडायचे, गज घालून क्षार काढायचा, जोड पुन्हा आवळायचे. बत्तीस जोड. मी चोविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागलो. पहिल्या दिवशी शेवटचे दोन जोड उद्यावर टाकले.

"काझु," ते म्हणाले, "अर्धं काम करायचं असेल तर घरी बस. तेवढं तुझ्याशिवायही होतं."

मी परत वर चढलो. पुढे वीस वर्षं एकही जोड सोडला नाही.

तेव्हा टोकियोहून कंपन्यांच्या सहली यायच्या. गाडी लागली की स्टेशनाबाहेर हॉटेलांचे झेंडे घेऊन माणसं उभी. हामायूच्या मोठ्या दालनात दोनशे पानं मांडली जायची. संध्याकाळी सगळा किनारा सुती किमोनो घातलेल्या, प्यायलेल्या कारकुनांनी भरायचा. खडावांची टकटक डोंगरावर आम्हाला ऐकू यायची. हौदात सतत माणसं असायची, म्हणून पाणी जरा कमी पडलं की मालकीण ओरिएबाई स्वतः चढण चढून यायच्या.

मग कंपन्यांनी सहली बंद केल्या. आधी झेंडे गेले, मग नाचघर, मग किनाऱ्यावरची दुकानं एकेक करून. चौऱ्याण्णव साली मला काढलं. मी नगरपालिकेच्या गटारांवर गेलो. दोन हजार सहा साली हामायूला कुलूप लागलं. ओरिएबाई मागच्या एका खोलीत राहू लागल्या. वरच्या सहा मजल्यांवर कबुतरं.

तोयोसान मात्र दर नवव्या दिवशी वर जात राहिले. अकरा वर्षं. गरम पाणी रिकाम्या हौदात पडायचं आणि तिथून समुद्रात जायचं.

"कोणासाठी?" मी विचारायचो.

"थांबलेला पाइप पुन्हा सुरू होत नाही. उद्या कोणी हॉटेल घ्यायला आलं आणि हौदात पाणी नसलं, तर ते पाडतील आणि फ्लॅट बांधतील."

त्यांच्या बायकोचं, फुमींचं म्हणणं वेगळं होतं. "नवव्या दिवशी हे घरात नसतात. उरलेले आठ दिवस घरात असूनही नसतात."

दोन हजार सतराच्या वसंतात खरंच गिऱ्हाईक आलं. टोकियोतली एक कंपनी गुरुवारी हौद बघायला येणार होती. नेमकं त्या आठवड्यात तोयोसानना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात टाकलं. ऑपरेशन झाल्यावर मंगळवारी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"उद्या बुधवार, नववा दिवस. तू जा. लाकडी मुंडीचा गज घे. लोखंडी नाही."

"लाकडीनं काय निघणार?"

"जेवढं निघेल तेवढं. घे म्हटलं की घ्यायचा."

बुधवारी मी लाकडीच घेतला. नऊ जोड केले. गाळ निघाला, थर तसाच राहिला. आत बोटभर जाड क्षार, मधे जेमतेम तीन बोटं वाट. मला वाटलं, म्हातारे थकले, हात चालेना म्हणून लाकडी म्हणतात. उद्या लोक येणार आणि धार करंगळीएवढी. अर्धं काम. मी खाली जाऊन लोखंडी मुंडी आणली.

चौदाव्या जोडाला तिसऱ्या ठोक्यात पाइप हातात आला.

बाहेरची माती खरवडून पाहिली. लोखंड नव्हतंच. गंजून मातीत गेलं होतं; नुसती तांबडी भुकटी. चार मीटर लांबीत पाणी क्षाराच्या नळीतून येत होतं आणि ती नळी मी फोडली होती.

सगळी दुपार मी ते तुकडे जुळवत बसलो. जुळले नाहीत. शेवटी दवाखान्यात फोन केला. तोयोसाननी कितवा जोड ते विचारलं. मग म्हणाले, "बांबू तोड. जाड बघून."

गुरुवारी पहाटे ते टॅक्सीनं आले. एका हातानं पोट धरलेलं, मागून फुमी.

"टाके उसवले तर मी शिवणार नाही," त्या म्हणाल्या.

"तू कधी बटण शिवलंस?" तोयोसान म्हणाले आणि दगडावर टेकले. मग माझ्याकडे वळले. "लाकडी सांगितला होता."

"कारण सांगितलं नव्हतंत."

"सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. पाइप मेलाय म्हटल्यावर कोण घेईल?"

बांबू उभे चिरून, पेरं फोडून पन्हळ केली. तार, जुनी गोणपाटं, माती. पाणी सोडताना माझं मनगट भाजलं. डाग अजून आहे. पन्हळीतून वाफ निघत होती, म्हणजे खाली पोचेपर्यंत उष्णता जाणार.

कंपनीकडून नागुमो नावाची मुलगी आली. ती हौदापाशी थांबली नाही. पाइप धरून वर आली आणि पन्हळीपाशी उभी राहिली.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडणार तोच तोयोसाननी क्षाराच्या नळीचा एक तुकडा तिच्या हातात दिला.

"लोखंड कधी गेलं?" तिनं विचारलं.

"नऊ वर्षं झाली असतील."

"आणि तुम्ही रोज बघत होता?"

"नवव्या दिवशी."

तिनं तुकड्यातून डोळा लावून समुद्र पाहिला. खाली हौदात सेहेचाळीस अंश भरले. ती म्हणाली, झरा ठेवू, पाइप बदलू.

आता हामायूत तरुण जोडपी येतात. स्टेशनसमोर गोड पावासाठी रांग लागते. नवा पाइप प्लास्टिकचा. वर्षातून दोनदा यंत्र आणून औषधानं धुतात. ओरिएबाईंना मागची खोली तशीच दिली आहे.

तोयोसान एक्याऐंशीचे झाले, तरी नवव्या दिवशी माझं दार वाजतं. आम्ही वर जातो. ते काठीचं एक टोक पाइपला लावतात, दुसरं कानाला.

"काय ऐकू येतं?" मी विचारतो.

"काही नाही. प्लास्टिक बोलत नाही."

"मग चला घरी."

"अजून एकतीस जोड आहेत," ते म्हणतात आणि पुढे चालू लागतात. नव्या पाइपला जोड आहेत सहा. मी काठी घेऊन मागे जातो.